उधारीवर चाललेला बंद

साथीत समाज किती दिवस बंद राहू शकतो, यावर २०२० च्या उन्हाळ्यात टीव्हीवर रोज खल चालायचा. डॉक्टर एक आकडा सांगायचे, अर्थतज्ज्ञ दुसरा. मी जुन्नर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे. माझ्या टेबलावर दैनिक ठेव आणि सोनेतारण अशी दोन कामं असतात, आणि त्या चर्चेचं उत्तर या दोन खात्यांत महिन्यामहिन्याने उमटत होतं. ते बघायला कुणी आलं नाही, ते सोडा.

दैनिक ठेव म्हणजे पिग्मी. वडापावची गाडी, सलून, पंक्चरवाला, टेलर, भाजीचा गाळा अशा रोज हातात पैसा येणाऱ्या आणि रोज संपणाऱ्या धंद्यांची ही बचत. एजंट संध्याकाळी मशीन घेऊन दुकानोदुकानी फिरतो. कुणी पन्नास देतं, कुणी शंभर, चांगला धंदा झाला तर पाचशे. मशीनमधून बोटभर पावती निघते आणि बहुतेक वेळा तिथेच चुरगळून टाकली जाते. वर्षाने हातात येणाऱ्या रकमेतून पोरांची फी, दिवाळीचा माल, पावसाळ्याआधी पत्रे बदलणं असं काहीबाही उरकतं. मुदतीआधी मोडली तर कमिशन कापलं जातं, म्हणून सहसा कुणी मोडत नाही. बाजारपेठेत काय चाललंय हे व्यापारी संघाच्या अध्यक्षांपेक्षा पिग्मी एजंटला जास्त कळतं.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलले आणि बारापासून देश बंद झाला. मुदत एकवीस दिवस. देशभरात तेव्हा सापडलेले रुग्ण पाचशे-सहाशेच्या घरात होते. आमच्याकडे लोक सरकारच्याही पुढे गेले. वेशीवर बाभळीच्या फांद्या पडल्या, कुठे दगड रचले, कुठे जेसीबी लावून रस्त्यात चर खणला. पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्याच पोरांना झेडपीच्या शाळेत ठेवलं आणि डबे लांबून सरकवले. त्या पंधरवड्यात कुरकुर अशी फारशी नव्हती. घरात महिन्याचा किराणा होता आणि समोर एक तारीख होती. १४ एप्रिल. एवढे दिवस काढायचे, मग आपले आपण मोकळे.

ती तारीख मोडली तिथून हिशेब सुरू झाला. बंद ३ मेपर्यंत वाढला, मग १७ मे, मग ३१ मे. १४ एप्रिललाच वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ द्या म्हणणाऱ्या मजुरांची गर्दी जमली. टीव्हीवाल्यांनी त्यात अफवा शोधली, कट शोधला. मला त्यात एकवीस दिवसांच्या बोलीवर थांबलेली आणि मुदत उलटल्यावर चौकशीला आलेली माणसं दिसली. आमच्या काउंटरवर ठेवीची मुदत संपल्यावर पैसे नाही मिळाले तर याहून वेगळं काही होत नाही.

२० एप्रिलपासून सहकारी पतसंस्थांना कमीत कमी माणसांवर काम करायची मुभा मिळाली. शटर अर्धं वर, दारात चुन्याचे गोल, काउंटरला प्लास्टिकचा पडदा. आधी आले ते पिग्मी मोडायला. सलूनवाले सगळ्यात पहिले, कारण त्यांचा धंदा दाराआडून होण्यासारखा नव्हता. मग चहाची टपरी, मग रसवंती, जिचा वर्षाचा पैसा त्या तीन महिन्यांतच व्हायचा असतो. बऱ्याच जणांना मोडल्यावर किती हातात येतील हे विचारायचंही धाडस होत नव्हतं. नुसतं पासबुक पुढे सरकवायचे.

पिग्मी संपली की सोनं. त्याला जून उजाडला.

सोनं घराबाहेर पडण्याचाही एक क्रम असतो, आणि तो एरवी मला इतका स्पष्ट कधी दिसला नव्हता. आधी जावयाला किंवा पोराला लग्नात घातलेली अंगठी येते, पाठोपाठ चेन. मग कानातलं. मग गंठण. बोरमाळ आणि पाटल्या त्यानंतर, कारण त्या सासूकडून आलेल्या असतात आणि सासूला विचारावं लागतं. डोरलं सगळ्यात शेवटी, आणि तेही बाई स्वतः आली तरच. आमचे सराफ दागिना कसोटीवर घासतात, वजन करतात, घट धरतात. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. वजनातून लाख वजा केली की आणणाऱ्याचा चेहरा उतरतो. वर्षानुवर्षं घरात ज्याला तीन तोळे म्हटलं, ते प्रत्यक्षात बरंच कमी निघतं. त्या महिन्यांत हा उतरलेला चेहरा मी इतक्यांदा पाहिला की सराफांनी आकडा सांगायच्या वेळी मी मुद्दाम पावतीपुस्तकात डोकं घालायला लागलो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच चर्चेत ऐकली नाही. त्या ऑगस्टमध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला पंचावन्न हजारांच्या पुढे गेला. त्याच पाटल्यांवर आदल्या वर्षीपेक्षा बरंच जास्त कर्ज निघालं. आमच्या बाजारपेठेने बंद आणखी काही महिने रेटला, त्यात या भावाचा वाटा आहे. सोनं त्या वर्षी पडलं असतं तर लोकांची सहनशक्ती जुलैतच संपली असती आणि आपण तिला बेशिस्त म्हटलं असतं.

आणि ज्यांची दुकानं चालू होती ते? किराणा तर अत्यावश्यक. तरी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पेठेतले एक किराणावाले अण्णा बायकोच्या पाटल्या घेऊन टेबलासमोर उभे राहिले. मी म्हटलं, “अण्णा, तुमचं दुकान तर एक दिवस बंद नव्हतं.”

“दुकान चालू, गल्ला बंद,” ते म्हणाले. “वही आणू का दाखवायला?”

त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची उधारीची वही आहे. एरवी एका घराला एक पान पुरतं. त्या वर्षी पानं अपुरी पडून त्यांनी कागद डकवले होते. पुण्याच्या मार्केट यार्डातले व्यापारी मात्र रोख मागत होते, कारण त्यांनाही पुढे रोखच द्यायची होती. म्हणजे सलूनवाल्याची चूल अण्णांच्या वहीवर, वही पाटल्यांवर आणि पाटल्या आमच्या तिजोरीत. गाळ्याच्या मालकाने भाडं थांबवलं, मेहुण्याने दहा हजार धाडले, शिक्षक असलेल्या भावाने पगारातून रेशन भरलं. बंद पाळला म्हणून टाळ्या वाजल्या, कौतुक झालं. पण तो पाळला गेला तो या न बोललेल्या सावकारीवर. सरकारने मोफत तांदूळ दिला, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण नुसत्या तांदळावर घर चालत नाही, गॅस आणि मोबाइलचा रिचार्जही लागतो.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्चलाच हप्ते तीन महिने थांबवायची सवलत दिली होती, ती पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. व्याज चालूच राहिलं, ही त्यातली बारीक अक्षरातली बाब. आमच्याकडे लोक ती बातमी मोबाइलवर दाखवत यायचे आणि मला सांगावं लागायचं की ती सवलत बँकांना आणि वित्त कंपन्यांना आहे, पतसंस्था सहकार खात्याखाली येतात. हे वाक्य बोलताना आपण अगदी दगड झालो आहोत असं वाटायचं. संचालकांनी पुढे दंडव्याज सोडलं, पण ते आपणहून आणि बरंच उशिरा.

आता ज्यांना कुणी उधार देणारच नव्हतं, त्यांचं काय? पुणे-नाशिक हायवेवरून चाकणच्या बाजूने निघालेली माणसं आमच्या गावावरून चालत जात होती. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, पायात रबरी चप्पल. लोकांनी त्यांना खिचडी दिली, केळी दिली, कुणी चपला दिल्या. राहा म्हणणारेही होते. ती राहिली नाहीत. तेव्हा अनेकांनी विचारलं, जेवण मिळतंय तर ही माणसं जातात कशाला. माझ्या टेबलावरून मला त्याचं उत्तर साधं वाटतं. दुकानदार उधार देतो ते तुमच्या बापाला ओळखतो म्हणून. चाकणमध्ये खोली करून राहणाऱ्या बिहारी किंवा छत्तीसगडी पोराला ओळखणारा दुकानदार, मेहुणा, मास्तर भाऊ, सगळे हजार-दीड हजार किलोमीटरवर होते. त्याची पत गावी होती, जिथे पत तिथे तो चालला होता. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेली मध्य प्रदेशातली माणसं होती ती. रुळावर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, म्हणजे भुकेची सोय त्यांनी बरोबर बांधून घेतली होती.

ऊसतोड कामगारांना तेवढं लवकर घरी सोडलं, एप्रिलमध्येच. लाखाहून जास्त माणसं होती ती. त्यांच्यामागे मुकादम होता, कारखाना होता, आणि त्यांच्या मतांवर निवडून येणारे पुढारी होते.

उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे, घेऊन जगणारी आणखी एक जमात आमच्या शेजारी आहे. नारायणगावला दर वर्षी पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, एका राहुटीतून दुसरीत जातात, बैठक किती माणसांची, गाडी कुठली, लावण्या कुणाच्या हे विचारतात, घासाघीस करतात, सुपारी म्हणजे खेळाची बोली ठरते, इसार म्हणजे आगाऊ रक्कम दिली जाते. चैत्रापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या जत्रा हाच फडाचा मुख्य पैसा. त्याआधी फडमालकाने कर्ज काढून कलावंतांना उचल दिलेली असते, म्हणजे वर्षाचं सगळं गणित त्या दीड-दोन महिन्यांवर. २०२० ला बंद बरोबर पाडव्याच्या दिवशी सुरू झाला. जत्रा गेल्या. काही गावांनी इसार परत मागितला, काही म्हणाली पुढच्या वर्षी धरा. पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला आला आणि त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवसापासून राज्यभर संचारबंदी जाहीर केली. सलग दोन चैत्र. ढोलकीवाले टोमॅटो तोडायला जाऊ लागले, नाचणाऱ्या बायका कांदा काढायला. राज्याने २०२१ च्या ऑगस्टमध्ये ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये द्यायचं ठरवलं. त्या रकमेत बऱ्याच जणांचं एका महिन्याचं व्याजही भागलं नसतं.

ज्या कायद्याखाली राज्याने मार्च २०२० मध्ये निर्बंध आणले तो १८९७ चा. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि त्यासाठी तो घाईने केला गेला. त्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाने काय केलं हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतील: सोल्जर घरात घुसवले, देवघरं-माजघरं तपासली, माणसं उचलून छावणीत नेली. मार्च ते मे, जेमतेम तीन महिने हा प्रकार चालला. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी लागली. आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पुण्यात प्लेग आधीपेक्षा जोराने उलटला. पुढच्या वर्षी मुंबईतही दंगल झाली, तेव्हा सरकारला सक्ती हळूहळू सोडावी लागली.

यातला चाफेकरांचा भाग आपण पाठ केला आहे. मला ओढ आहे ती नंतरच्या, कमी सांगितल्या जाणाऱ्या भागाची. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची: “उंदीर पडायला लागले की गाव उठायचं.” घरात उंदीर मेलेला दिसला की भांडीकुंडी, जात्याची पाळ, शेळ्या, सगळं घेऊन लोक रानात जायचे. पालं किंवा कुडाची खोपटं घालायचे आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच. गावात दिवा लागत नसे. महिनोनमहिने हे चाले आणि एका वर्षी नाही, प्लेग फिरून येईल तेव्हा. त्यासाठी सोल्जर लागला नाही. पुढे सरकारी अधिकाऱ्यांनीही गाव रिकामं करणं हाच खेड्यातला चांगला उपाय म्हणून धरला.

म्हणजे एकाच रोगात पुण्याला तीन महिने झेपले नाहीत आणि खेड्यांना वर्षांमागून वर्षं झेपली. खेड्यातली माणसं जास्त सोशिक होती, असं मी म्हणणार नाही. गाव बंद होतं, पण काम रानातच होतं आणि माणूस रानातच होता. कणगीतलं धान्य बरोबर नेता येत होतं. जायचं कधी आणि परतायचं कधी हे उंदरांवरून ज्याचं त्याला कळत होतं, हुकुमाची वाट बघायची नव्हती. शेजारी सगळे तिथेच, त्यामुळे पसाभर पीठ मागायलाही तिथेच. अर्थात आजीच्या गोष्टीत रानात जागा कुणाला मिळाली आणि कुणाला बांधापलीकडे राहावं लागलं, हे कधी आलं नाही. ते मी नंतर स्वतःशी विचारत राहिलो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात रोज साठ हजारांवर रुग्ण सापडत होते. ऑक्सिजनसाठी, इंजेक्शनसाठी माणसं रात्र-रात्र फिरत होती. आमच्या संस्थेतले दोन सभासद एका आठवड्यात गेले. आणि तरी तो बंद पहिल्यापेक्षा सैल होता. कारखाने चालू, बांधकामं चालू, हॉटेलांतून पार्सल चालू. पहिल्या वेळी रोग मूठभर आणि कुलूप मोठं. दुसऱ्या वेळी रोग दारात आणि कुलूप लहान. सरकार मूर्ख होतं असं नाही. पहिल्या कुलुपात लोकांची पिग्मी, सोनं आणि उधारी संपली होती, हे मंत्रालयालाही ठाऊक होतं. या वेळी घोषणेबरोबर ५,४७६ कोटींचं पॅकेज आलं. परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले आणि बांधकाम कामगार यांना दीड-दीड हजार रुपये, शिवभोजन थाळी महिनाभर मोफत. दिशा बरोबर होती, आणि माझ्या मते तो त्या दोन वर्षांतला सगळ्यात शहाणा कागद होता. पण आमच्या ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरची वडापावची गाडी कुठल्या नोंदणीत बसणार?

त्या गाडीवरच्या मावशींचा आणि आमच्या एजंटचा संवाद त्या मे महिन्यात मी एकदा ऐकला. गाडी झाकलेली, मावशी घरी वडे तळून पोराच्या हाताने पिशवीतून पोचवत होत्या.

“मावशी, आज?”

“आज ऱ्हाऊ दे दादा. उद्या डबल घे.”

“उद्या म्हणता म्हणता महिना झाला की.”

“मग मशीन घेऊन येतोस कशाला? नुसता ये, चहा पी आणि जा.”

तो गेला नाही. दहा रुपयांची पावती फाडली, स्वतःच्या खिशातून, खातं बंद पडू नये म्हणून. नियमात बसत नव्हतं. मी पाहिलं आणि काही बोललो नाही.

काय किती दिवस बंद राहिलं, त्याची यादी कधी मांडून बघा. दारूची दुकानं मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात उघडू लागली, कारण तिजोरीला महसूल हवा होता. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला. देवळं दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, तीही आंदोलनं आणि राज्यपालांचं पत्र झाल्यावर. पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला, आणि जानेवारीत पुन्हा काही आठवडे बंद. ज्याच्यामागे रोजचा गल्ला किंवा मोठा आवाज होता ते आधी उघडलं. शाळा बंद ठेवायला कुणाच्या खिशातून लगेच काही जात नव्हतं, म्हणून त्या वीस महिने बंद राहू शकल्या आणि फारसं कुणी रस्त्यावर आलं नाही. घरात एकच फोन, तो बापाबरोबर शेतावर. पोरं टोमॅटोच्या क्रेट उचलायला लागली. दहावीतल्या मुलींच्या सोयरिकी जमल्या, कारण पन्नास माणसांत लग्न उरकत होतं, खर्च वाचत होता. त्या लग्नांसाठी काढलेली सोनेतारण कर्जं माझ्याच टेबलावरून गेली. अर्जात कारण ‘घरगुती’ लिहिलेलं असतं.

समाजाला किती दिवस झेपतं असं विचारताना समाज म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही, कारण विचारणारा बहुधा पगारी असतो. मीही पगारीच. पगार अर्धा झाला होता काही महिने, पण दर महिन्याच्या सात तारखेला होत होता. म्हणून घरी बसून धान्य वाळवणं, जुने अल्बम काढणं मलाही गोड लागलं, ते नाकारत नाही. नुसत्या शिस्तीचे पाठ देणाऱ्यांना मी त्या दिवसांत एक करायला सांगायचो: तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा, वहीत किती पानं उरलीत. कुणी विचारलं नाही.

सरकारने सगळे निर्बंध उठवले तेव्हा पुन्हा पाडवाच होता, २ एप्रिल २०२२. नारायणगावला राहुट्या लागल्या, पंच आले, घासाघीस झाली. त्याच आठवड्यात एका फडाचे मॅनेजर सोनेतारण नव्याने करायला माझ्याकडे आले. मूळ कर्ज २०२० चं, दर वर्षी व्याज भरून फिरवलेलं. मी म्हटलं, आता जत्रा सुरू झाल्या, या हंगामात सोडवून न्या. ते म्हणाले, “साहेब, पहिली सुपारी उचलीत वळती होणार, दुसरी सावकाराला. तुमचा नंबर कार्तिकात.”

सराफांनी पाटल्या पुन्हा कसोटीवर घासल्या. मुदत एक वर्षाची टाकली. फडाला त्या चैत्रात बऱ्या सुपाऱ्या मिळाल्या असं नंतर कळलं. कार्तिकात ते आले ते फक्त व्याज भरायला. पाटल्या सुटल्या त्याच्या पुढच्या हंगामात.